सरोजिनीने पोचवलेले निरोप

"मी तुला काय सांगितलं होतं, आणि तू त्यांना काय सांगितलंस?"

"तू सांगितलं तेच सांगितलं."

"आई, तेच सांगितलं असतंस तर पप्पा आज इथं आले नसते. आणि सोबत अर्धं मार्केट यार्ड आणलं नसतं."

"अर्धं कुठं? चौदा माणसं हायेत. त्यात आम्ही दोघं आलो."

"ओके. चौदा. आणि नंतर जेवायला?"

"ते तिकिटातच हाय. म्याच, वर जेवण, वर प्यायला. तसलं तिकीट तुमच्याच लोकांनी काढलंय की. तुझ्या पप्पांनी सगळ्यांचं तसलंच घेतलं."

"मला माहितीये कसलं काढलंय. आमच्या बसवर त्याची जाहिरात आहे."

बालेवाडीच्या स्टेडियमच्या मागच्या बाजूला, खेळाडूंच्या दारापाशी, मायलेक उभे होते. तेजस साडेसहा फुटांचा. भांडताना सरोजिनीला त्याच्या तोंडाकडे बघायचं तर मान इतकी मागे टाकावी लागे की डोक्यावरचा पदर घसरायचा. म्हणून ती त्याच्या छातीवरच्या आकड्याशीच बोलत होती. आत चेंडू आपटत होते आणि तो आवाज भिंतीतून तिच्या पाठीत येत होता. दारावरचा सिक्युरिटीवाला मोबाईलमध्ये बघत होता, पण त्याचे कान इकडेच होते, हे तिला कळत होतं.

"कोचला जेवायला बोलावलंय का त्यांनी?"

"मला काय माहीत."

"आई."

"बोलावतो म्हणत होते. अजून बोलावलं नसंल."

तेजसने डोळे मिटले. लहानपणी इंजेक्शन घेताना मिटायचा तसे, घट्ट.

"ऐक. आज पप्पा कोचशी एक वाक्य जरी बोलले, नुसतं 'जेवलात का' एवढं जरी विचारलं, तर उद्या सकाळी मी किट परत देणार. खेळणं बंद. मग बसवा मला गाळ्यावर, पेट्या मोजत."

"असं बोलू नये भरल्या दिवशी."

"मी बोलत नाहीये, मी करणार आहे. तू त्यांना आत्ता, म्हणजे आत्ता जाऊन सांग. नीट. मी जसं बोलतोय तसंच."

दार उघडलं. आतून एका पोराने मुंडकं बाहेर काढलं. "ए अंजीर, चल ना भावा. वॉर्म-अप."

तेजसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो आत गेला. सिक्युरिटीवाल्याने मोबाईलमधून मान वर केली आणि सरोजिनीकडे बघून सहज विचारलं, "तुमचा मुलगा का? अंजीर नाव ठेवलं होय?"

ती पदर सारखा करून पुढच्या गेटकडे चालू लागली.

*

ते नाव घरातूनच गेलं होतं.

ज्ञानदेव शितोळे म्हणजे मार्केट यार्डातल्या फळबाजारातला जुना अडत्या. शेतकऱ्याचा माल घ्यायचा, लिलावात विकून द्यायचा, मधली अडत आपली. लोणी काळभोरहून पहाटे निघायचं, उजाडायच्या आत गाळ्यावर उभं राहायचं, ही त्याची तीस वर्षांची रीत. आणि दुसरी एक रीत होती, तिच्यावर तर त्याचा अडतीपेक्षा जास्त भरवसा. पुरंदरकडून हंगामाचे पहिले अंजीर आले की पहिल्या पेट्या विकायच्या नाहीत. त्या घरोघर पाठवायच्या. बँकेच्या साहेबांना, ट्रान्सपोर्टवाल्याला, सरोजिनीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना, तेजसच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना. यात मागणं काही नाही. माणूस धरून ठेवायचा, एवढंच. "काम असताना देतो तो लाचखाऊंचा भाऊ," असं तो म्हणायचा, "आपण काम नसताना देतो." इतक्या वर्षांत एकाही घरातून पेटी परत आली नव्हती. उलट दिवाळीला फराळाचे डबे यायचे.

त्यामुळे तेजसला पुण्याच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाने घेतलं, आणि घेऊन पहिले सामने नुसतं बाकावर बसवलं, तेव्हा ज्ञानदेवला काय करायचं हे कुणाला विचारावं लागलं नाही. कोच हरियाणाचा माणूस. टीमसोबत हॉटेलात उतरलेला. ज्ञानदेवने निवडून सहा पेट्या भरल्या, प्रत्येक अंजीर हातात घेऊन, आणि वरच्या पेटीवर स्केचपेनने आपलं नाव, मोबाईल नंबर आणि खाली एक ओळ लिहिली: पोराकडं लक्ष असू द्या.

कोचने त्या पेट्या जेवणाच्या हॉलमध्ये मागवल्या. सगळ्या टीमसमोर एका मराठी पोराला ती ओळ वाचायला लावली. मग हिंदीत तिचा अर्थ विचारला. मग पेट्या उघडून सगळ्यांना अंजीर वाटले, आणि शेवटचा तेजसच्या हातावर ठेवून म्हणाला, "खा ले बेटा. घर पे बोल देना, यहाँ लक्ष सबपे रहता है."

तेजसने त्या रात्री आईला फोन केला होता. तो एवढा रडेल हे तिला वाटलं नव्हतं. "पप्पांना सांग, परत काही पाठवायचं नाही. मॅचला यायचं नाही. कोचचा नंबर असेल तर डिलीट करायचा. त्यांनी माझी इज्जत घालवली, हे पण सांग."

सरोजिनीने फोन ठेवला. तोंडावर पाणी मारलं. बाहेर ओट्यावर ज्ञानदेव पाय धूत होता, तिथे टॉवेल घेऊन गेली आणि म्हणाली, "तेजूचा फोन होता. अंजीर सगळ्या टीमनं खाल्ले म्हणे. लई गोड निघाले. पण आता पाठवू नका म्हणतोय, तिथं खायला रगड असतं."

"बघ," ज्ञानदेव म्हणाला. "मी म्हणलं न्हवतं?"

तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. टीमने खाल्ले होते, गोड निघालेही असतील. तिने फक्त तांदूळ निवडावेत तसा निरोप निवडला होता, खडे बाजूला काढून. लग्न होऊन लोणीत आली तेव्हापासून ती हेच करत आली. तेव्हा सासरे आणि ज्ञानदेव एकमेकांशी बोलत नसत. सासरे माजघरातून म्हणत, "त्या बैलाला सांग, विहिरीवरची मोटर जळली तर तुझ्या बापाचंच पैसं जात्यात." ती गोठ्यापाशी जाऊन सांगे, "मामा म्हणत्यात, मोटरीकडं जरा लक्ष ठेवा, तुमच्याशिवाय कुणाला कळत न्हाई." ज्ञानदेव तिकडून काहीतरी म्हणे, ते ती परत माजघरात नेई, तेही धुऊन पुसून. सासरे वारले तेव्हा ज्ञानदेव ओक्साबोक्शी रडला. माझ्यावर जीव होता त्यांचा, बोलून दाखवत नव्हते, असं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिला. ते ऐकताना सरोजिनी चहाचे कप भरत होती. तो जीव बराचसा तिने वाटेत भरलेला होता.

शितोळ्यांच्या घरात कधी आवाज चढत नाही, असं आळीत म्हणायचे. आवाज चढायचे. ती मध्ये उभी असायची.

*

"वहिनी, कुठं गेलात? तुमच्या मालकांनी तुमची खुर्ची तीनदा राखली." कांदा-बटाटा विभागातले हिंमतराव उठून वाट देत म्हणाले. ज्ञानदेवचे जुने दोस्त. पांढरा सदरा, गळ्यात जाड सोन्याची चेन, आणि मनगटावर स्टेडियमवाल्यांनी बांधलेला निळा कागदी पट्टा, ज्यावर जेवणाचं आणि पिण्याचं छापलेलं होतं. असा पट्टा सगळ्यांच्याच मनगटावर होता. चौदा जणांची एक सबंध रांग, सदरे आणि साड्या, आणि भोवती जीन्समधली पोरं-पोरी.

"तेजूला भेटून आले."

"काय म्हणाला?" ज्ञानदेवने विचारलं.

तो टाचा उंचावून खाली बघत होता. कोर्टावर पोरं दोन रांगांत धावत होती, आणि तो त्यांतला आपला शोधत होता. खरं तर शोधायची गरज नव्हती, सगळ्यांत सडपातळ तोच. ज्ञानदेवने नवी चप्पल घातली होती. दाढी करून घेतली होती. डाव्या कानामागे साबणाचा पांढरा ठिपका तसाच राहिला होता.

आत्ता सांगायचं, ती मनाशी म्हणाली. जसंच्या तसं.

"म्हणाला, एवढी माणसं कशाला आणली."

"लाजतोय," ज्ञानदेव म्हणाला आणि खूश होऊन हिंमतरावांकडे वळला. "लाजतोय म्हणे."

ती खाली बसली. स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली.

सामना सुरू झाला. समोर जयपूरचा संघ. एवढा आवाज तिने आजवर फक्त मिरवणुकीत ऐकला होता, आणि मिरवणुकीला निदान आभाळ असतं. ज्ञानदेवला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण त्याने ते आपल्या पद्धतीने लावून घेतलं होतं. कोण कुणाकडून चेंडू घेतो, कोण देत नाही, कोण नुसता ओरडतो. "त्यो सात नंबर बघ," तो सांगायचा, "त्यो दलालासारखा हाय. स्वतः काय करत न्हाई, पण सगळा माल त्याच्या हातनं जातो."

"आणि तुझं पोरगं?" हिंमतरावांनी विचारलं. "ते बसूनच पगार घेतंय का?"

रांगेतले सगळे हसले. हिंमतरावांच्या बायकोने, पूर्णिमाने, नवऱ्याला कोपर मारलं. ज्ञानदेवही हसला, पण उशिरा.

"भाव बघून माल काढत्यात, हिंमत. थांब जरा."

"थांबतो की. जेवणाचं तिकीट काढलंय, जातोय कुठं."

मध्यंतराला रांगेतले सगळे चहाला गेले. ज्ञानदेव गेला नाही. खिशातून मोबाईल काढून, हात लांब करून बघत बसला. सरोजिनी त्याच्याकडे सरकली.

"अवो."

"हं."

"त्या कोचला जेवायला..."

"मेसेज टाकलाय. पोचला. वाचला पण. दोन निळ्या खुणा आल्यात बघ."

तिने बघितलं. खुणा निळ्या होत्या. वर त्याचा मेसेज होता, हिंदीत, मराठी वळणाने: साब मॅच के बाद खाना हमारे साथ खाने का है, तेजस के पप्पा.

"काय म्हणले?"

"आता काय म्हणतील? म्याच चाललीय त्यांची."

"न्हाई आले तरी चालंल."

ज्ञानदेवने फोन खाली घेतला आणि तिच्याकडे पूर्ण वळून बघितलं. "का गं?"

हीच वेळ होती. आजूबाजूला कुणी नव्हतं. तो ऐकत होता. खूप दिवसांनी तो नुसता ऐकत होता. तेजसचे शब्द तिच्याकडे होते, एकही विसरला नव्हता. ते तिने तोंडापर्यंत आणले, आणि त्याच्या कानामागचा तो साबणाचा ठिपका दिसला.

"पोरं बुजत्यात," ती म्हणाली. "मास्तर समोर असला की धड जेवत न्हाईत."

"हॅट्, वेडे," तो म्हणाला. पदराच्या टोकाने तिने त्याच्या कानामागचा साबण पुसला. त्याने पुसू दिला.

*

तिसऱ्या भागात पुण्याने आघाडी घेतली. चौथ्यात ती वाढत गेली. घोषणा करणारा माणूस नावं लांबवून ओरडत होता, पोरी पिवळी फडकी हलवत होत्या. पूर्णिमाने सेल्फी काढून यार्डातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच आलेली उत्तरं सरोजिनीला वाचून दाखवू लागली. सरोजिनीला एकही कळलं नाही. ती मनात जुळवाजुळव करत होती. मेसेजला उत्तर नाही, म्हणजे कोच येत नाही. तेजस जेवायला तोंड दाखवून परत बसमध्ये जाईल. बाप-लेक एका टेबलावर फार तर अर्धा तास. तेवढं निभावलं की झालं. घरी गेल्यावर, निवांत, उद्या, परवा, ती ज्ञानदेवला सांगेल. नीट.

मग जयपूरवाल्यांनी हार मानली. दोन-अडीच मिनिटं उरली असतील. पुणे वीस-बावीस गुणांनी पुढे. कोचने हात केला आणि बाकावरची सगळी पोरं एकदम उठली. तेजसनेही वरचं जॅकेट काढलं.

रांग उसळली. हिंमतराव खुर्चीवर चढले. कुणीतरी शिट्टी मारली, लिलावात मारतात तशी. ज्ञानदेव ओरडला नाही. त्याने पुढचा लोखंडी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि तो तसाच उभा राहिला.

तेजसच्या हातून पहिला चेंडू निसटला. दुसऱ्यांदा त्याला कुणी दिलाच नाही. तिसऱ्यांदा दुसऱ्याने मारलेला चेंडू कडीवर आपटून बाहेर आला, आणि कुणाला काही कळायच्या आत तेजसचा लांब हात वर गेला, चेंडू हवेतच घेऊन त्याने पुन्हा कडीत टाकला.

बाकावरचे सगळे उभे राहिले. टाळ्या वाजवत, हसत, तालात ओरडायला लागले.

"अंजीर. अंजीर. अंजीर."

सरोजिनीने ज्ञानदेवकडे बघितलं.

"ज्ञानबा," हिंमतराव म्हणाले, "तुझ्या मालाचं नाव घेत्यात की रं."

ज्ञानदेवचा चेहरा तिने लग्नात बघितला होता, तेजस झाला तेव्हा बघितला होता. असा तेव्हाही नव्हता. "बघ," तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला. "ध्यानात ठेवलंय सगळ्यांनी. ह्याला म्हणत्यात माणूस धरणं."

आणि मग त्यानेच सुरुवात केली. भसाड्या, पहाटेच्या लिलावातल्या आवाजात. "अंजीर." हिंमतरावांनी उचललं. पूर्णिमाने उचललं. मार्केट यार्डाची अख्खी रांग हात वर करून ओरडू लागली, मग आजूबाजूची अनोळखी पोरं, मग पलीकडची बाजू, कुणाला काही माहीत नसताना. शेवटची मिनिटं त्याच घोषात गेली.

तेजसने एकदा वर बघितलं. एवढ्या गर्दीत त्याने बापाला शोधलं नाही. आईला शोधलं, आणि सापडल्यावर नजर हलवली नाही.

*

जेवणाची जागा जवळच होती, एका काचेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. आत अंधार, भिंतींवर मोठे पडदे, त्यांवर आत्ताच संपलेला सामना पुन्हा चाललेला. उंच टेबलं, त्याहून उंच स्टुलं. हिंमतराव एकावर चढले आणि पाय लोंबकळत ठेवून म्हणाले, "ही खुर्ची हाय का मचाण?" शेवटी वेटरने कोपऱ्यातली खालची टेबलं जोडून दिली. सरोजिनी बरोबर मध्ये बसली. डावीकडे ज्ञानदेव, उजवीकडे एक खुर्ची तेजससाठी.

पट्टे दाखवले की ग्लास येत होते. बायकांसाठी पूर्णिमाने मेन्यूकार्ड बघून काहीतरी निळं मागवलं, वर पुदिना. "यात नाही काही, सरोजताई, नुसतं सरबत आहे. मी विचारून घेतलंय दोनदा." प्लेटी आल्या. मोठ्या पांढऱ्या प्लेटीत मधोमध पनीरचे चार तुकडे.

"हे जेवण हाय का नमुना?" हिंमतरावांनी वेटरला विचारलं. "नमुना पसंत हाय म्हणावं. आता गोणी आण."

सगळे हसले. वेटरही हसला. ज्ञानदेवने पहिला ग्लास भरला तो हिंमतरावांचा, मग बाकीच्यांचे, मग स्वतःचा. तो एकटा कधी पीत नसे, घरी तर नाहीच. चार माणसं खूश आहेत म्हटलं की थोडी घ्यायचा, आणि घेतली की बोलायचा. आज तो बोलतच होता. पोरगं जन्मलं तेव्हा दाईने सांगितलं होतं, पायच आधी दिसले, लांबच्या लांब. गाळ्याच्या दाराच्या चौकटीवर खडूने उंची लिहायचो, चौकट संपली. कॉलेजातल्या पीटीच्या सरांनी घरी येऊन पाय धरले, म्हणाले, एवढं पोरगं आम्हाला द्या.

"पाय धरले?" हिंमतरावांनी विचारलं.

"धरण्यासारखंच."

मध्येच तो थांबला, आणि मोबाईल काढून कानाला लावला.

"कुणाला लावताय?" सरोजिनीने विचारलं.

"कोचसाहेबांना. मेसेजवर भागत न्हाई. समक्ष बोलवावं लागतं माणसाला."

"ठेवा तो."

ते इतकं कोरडं आलं की पलीकडची पूर्णिमा घास घ्यायची थांबली. ज्ञानदेवनेही बघितलं. रिंग जात होती, तिला ऐकू येत होती.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. आधी चार घास खा. रिकाम्या पोटी घेतलीय तुम्ही."

त्याने फोन खाली ठेवला. पलीकडून कुणी उचलला नव्हता. त्याने तो प्लेटीशेजारी उताणाच ठेवला, हाताशी राहावा म्हणून.

तेवढ्यात तेजस आला.

केस ओले, अंगात टीमचं जॅकेट. दारातून येताना सवयीने वाकला. रांगेतली सगळी उठली, आणि हिंमतरावांनी ग्लास उंच करून आरोळी दिली, "आले आले, अंजीर आले." सगळ्यांनी ती उचलली. तेजस हसला. सरोजिनीने ते हसू ओळखलं, दातांचं होतं नुसतं. त्याने हिंमतरावांच्या पाया पडण्यासाठी हात खाली नेला, बाकीच्यांना नमस्कार केला आणि आईच्या शेजारी येऊन बसला. वडिलांच्या पाया पडला नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ज्ञानदेवनेच उठून त्याच्या पाठीत थाप मारली होती.

"जेव. काय मागवू? भात घेतोस?"

"बसमध्ये जेवण आहे, पप्पा. पाच मिनिटं बसतो."

"पाच मिनिटं कसली. आज तुझा दिवस." ज्ञानदेव टेबलाला उद्देशून बोलला. "सांगतो मी तुम्हाला. लोक म्हणत्यात, खेळात असलं चालत न्हाई. का न्हाई चालत? माणूस सगळीकडं सारखाच. सहा पेट्या गेल्या. आज उतरवलं का न्हाई?"

कुणीतरी "वा" म्हणालं. सरोजिनीने टेबलाखाली तेजसच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा दगडासारखा होता.

"काय म्हणालात?" तेजसने विचारलं.

"आरं, अंजीर. ते वाया गेले न्हाईत म्हणलं."

"पप्पा, आपण बावीसने पुढे होतो. सगळ्यांना उतरवलं. शेवटचा मी होतो. त्याच्यानंतर फक्त पाणी देणारा उरतो."

"उतरवलं ना पण."

"दोन मिनिटं."

"सुरुवात असतीया दोन मिनिटांनीच." ज्ञानदेव हिंमतरावांकडे बघून हसला. "पोरांना वाटतं, सगळं आपल्या हातांनीच होतं."

टेबलावरचा फोन थरथरला. प्लेटीला लागून खडखडला. पडद्यावर नाव आलं: कोच साहेब.

तिघांनीही ते एकदमच वाचलं. ज्ञानदेवचा हात पुढे आला.

"उचलू नका," तेजस म्हणाला.

"का? बिचाऱ्यानं उलटा फोन केलाय."

"प्लीज उचलू नका. आईने सांगितलंय तुम्हाला."

"काय सांगितलंय?"

फोन वाजत होता. हिंमतरावांनी ग्लास हळूच खाली ठेवला.

तेजस आईकडे वळला. बसलेला असला तरी तिच्यापेक्षा वीतभर उंच. "आई, तू सांगितलं नाहीस? तेव्हा फोनवर सांगितलं ते पण? आज गेटवर, तोंडावर सांगितलं, ते पण नाही?"

"सरू," ज्ञानदेव दुसऱ्या बाजूने म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "काय म्हणत होता ह्यो?"

"सांग आता," तेजस म्हणाला. "माझ्या शब्दांत सांग. सगळं."

"सांग की. एवढं काय हाय त्यात?"

दोन्हीकडून दोन चेहरे तिच्याकडे वळलेले. ते वाट बघत होते, आणि दोघांनाही खात्री होती, ती काहीतरी बोलेल आणि ते बरं असेल. तेजसचा राग खरा होता, पण त्याच्याही डोळ्यांत ती खात्री तिला दिसली. आणि वाक्य तयार होतंच. जिभेच्या टोकावर आलेलं, नेहमीसारखं आयतं: तो म्हणत होता, मी माझ्या जिवावर खेळून दाखवतो, मग पप्पांनी सगळ्यांना पेढे वाटावेत. तेवढ्यावर ज्ञानदेवचे डोळे भरले असते, तेजसने मान खाली घातली असती, हिंमतरावांनी काहीतरी चावट बोलून पुढचा ग्लास भरला असता. गाडी लोणीपर्यंत सुखाने गेली असती.

फोन वाजून वाजून थांबला. कुणी उचलला नव्हता.

"सरू?"

तिने निळ्या सरबताचा ग्लास पुढे सरकवला. मांडीवरची पर्स उचलली. पूर्णिमाने काही न विचारता आपली खुर्ची मागे घेतली, वाट दिली. सरोजिनी उठली तशी मधली जागा रिकामी झाली, आणि ज्ञानदेव आणि तेजस एकमेकांशेजारी आले, मध्ये नुसती एक खुर्ची.

"आई, कुठं चाललीस?"

पडद्यावर तेजसचा लांब हात पुन्हा वर जात होता. ती त्याच्याखालून गेली.

"अगं, बोल तरी काहीतरी," ज्ञानदेव मागून म्हणाला.

तिने काचेचं दार ढकललं आणि जिना उतरायला लागली.